किनेक्ट हॉलमध्ये बसवताना: एक्सबॉक्स ३६०चा मोशन कॅमेरा नीट चालवायचा कसा

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलसाठीचा किनेक्ट हा कॅमेरा ४ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत विक्रीला आला आणि पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग खपले. हातात काहीही न धरता, नुसत्या अंगाच्या हालचालींवर खेळायचं ही कल्पनाच तशी भुरळ घालणारी होती. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१७मध्ये उत्पादन थांबवलं आणि २९ जुलै २०२४ला एक्सबॉक्स ३६०चं ऑनलाइन दुकानही बंद झालं. तरी जुन्या बाजारात तो मिळतो, अनेकांच्या माळ्यावर खोक्यासकट पडलेला असतो, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना घामाघूम करणारा याच्याइतका साधा खेळ आजही मिळणं कठीण आहे.

तो माळ्यावर गेला याचं कारण मात्र बऱ्याच घरांत एकच असतं: "नीट पकडत नाही." यंत्र बिघडलेलं क्वचित असतं. खोलीची लांबी, खिडकीतलं ऊन, गुळगुळीत फरशी आणि मागे सोफ्यावर बसलेली मंडळी यांनी त्याची नजर बिघडवलेली असते. म्हणून या लेखात वायर जोडण्यापेक्षा खोलीवर जास्त लिहिलं आहे. खोली जमली की बाकीचं अर्ध्या तासाचं काम आहे.

किनेक्टला काय दिसतं

किनेक्टकडे तोंड करून उभे राहा. पुढच्या पट्टीवर तीन गोल दिसतील. डावीकडचा प्रकाश फेकतो, मधला साधा रंगीत कॅमेरा आहे (६४० बाय ४८०, सेकंदाला ३० चित्रं) आणि उजवीकडचा अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड कॅमेरा. डावीकडचा लेझर सुमारे ८३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या हजारो ठिपक्यांची एक ठरलेली नक्षी खोलीभर पसरतो. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ठिपका जवळच्या वस्तूवर पडला की उजवीकडच्या कॅमेऱ्याला तो किंचित सरकलेला दिसतो. किती सरकला त्यावरून अंतर निघतं. हे तंत्र इस्रायलच्या प्राइमसेन्स कंपनीचं. ती पुढे २०१३मध्ये अॅपलने विकत घेतली.

या अंतराच्या चित्रातून एक्सबॉक्स माणसाचा सांगाडा ओळखतो: डोकं, खांदे, कोपर, मनगट, कंबर, गुडघे, घोटे असे २० सांधे. चौकटीत सहा माणसं असली तरी पूर्ण सांगाडा एका वेळी दोघांचाच धरला जातो.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. ठिपके पुसणारी कोणतीही गोष्ट, म्हणजे ऊन, आरसा, काच किंवा चकचकीत फरशी, किनेक्टला आंधळं करते. अंतर वाढेल तशी अचूकता झपाट्याने घटते. एका मीटरवर चूक काही मिलिमीटरची असते, चार मीटरवर ती काही सेंटीमीटरवर जाते. आणि प्रकाश फेकणारा गोल व कॅमेरा यांत साडेसात सेंटीमीटर अंतर असल्यामुळे समोर धरलेल्या हाताची एक सावली शरीरावर पडते, तेवढा भाग त्याला दिसतच नाही. छातीसमोर हाताची घडी घातली की पडद्यावरचा हात का थरथरतो, त्याचं उत्तर हेच.

विकत घेण्याआधी किंवा खोकं उघडल्यावर

आधी तुमचा ३६० कोणता ते बघा, कारण जोडणी त्यावर ठरते.

जुना, जाडा ३६० (२००५पासूनचा, मेमरी कार्डाच्या खाचा असलेला) असेल तर किनेक्टला वेगळा पॉवर अडॅप्टर लागतोच. किनेक्टच्या वायरीचं टोक साधं यूएसबी नसतं. त्यातून १२ व्होल्टही जातात, कारण आत मान हलवणारी मोटर आणि एक छोटा पंखा आहे. अडॅप्टरला एका बाजूला हे खास टोक बसतं. दुसऱ्या बाजूला एक यूएसबी वायर आणि एक भिंतीतल्या प्लगची वायर निघते. जुन्या बाजारात सगळ्यात जास्त हरवलेला भाग हाच. अडॅप्टर नसेल तर तो किनेक्ट जाड्या ३६०वरही चालणार नाही आणि संगणकावरही नाही.

२०१०चा सडपातळ ३६० एस किंवा २०१३चा ३६० ई असेल तर मागे 'ऑक्स' लिहिलेलं पोर्ट असतं. किनेक्टची वायर थेट त्यात जाते, अडॅप्टर लागत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला कन्सोल असेल तर लावण्याआधी त्याच्या विटेवर, म्हणजे पॉवर ब्रिकवर, छापलेलं वाचा. अमेरिकन ३६०ची वीट १००–१२७ व्होल्टची असते. ती आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावली की जळते. २२०–२४० व्होल्टची वीट वेगळी घ्या, तीही तुमच्याच मॉडेलची: जाड्या ३६०मध्ये २०३, १७५ आणि १५० वॉटच्या विटा होत्या आणि कमी वॉटची वीट जास्त मागणाऱ्या कन्सोलला बसतच नाही, अशी तिच्या टोकाची घडण आहे. किनेक्टच्या अडॅप्टरवरचा व्होल्टही तसाच तपासा. किनेक्ट स्वतः कुठल्याही देशातल्या ३६०वर चालतो, पण डिस्कना देशांचं बंधन असतं. भारतात विकलेले कन्सोल 'पाल' नावाच्या विक्री-विभागातले, अमेरिकेचा विभाग वेगळा. अमेरिकन डिस्कपैकी काही त्यावर चालतात, काही नाही. घेण्यापूर्वी त्या खेळापुरती खात्री करून घ्या.

विकणाऱ्याच्या घरीच पाच मिनिटांत करायच्या तपासण्या:

१. कन्सोल सुरू करा. किनेक्टने मान वर-खाली हलवली पाहिजे. मोटर करकरत असेल किंवा मान एका बाजूला लोंबत असेल तर आधी कुणीतरी हाताने फिरवून दाते झिजवलेले आहेत. असा किनेक्ट घेऊ नका.

२. अंधारात डावीकडच्या गोलात मंद लालसर ठिणगी दिसते का बघा. मग फोनचा पुढचा, सेल्फीचा कॅमेरा किनेक्टसमोरच्या भिंतीकडे धरा. बऱ्याच फोनांत त्यावर अवरक्त गाळणारी काच कमजोर असते, त्यामुळे पडद्यावर ठिपक्यांची चादर दिसते. तुमच्या फोनात नाही दिसली तर लगेच निकाल काढू नका, दुसऱ्या फोनवर बघा.

३. कन्सोलच्या मुख्य पडद्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात एक लहान चौकट असते. किनेक्टला दिसणारी तुमची आकृती तिथे उमटते. हात हलवून बघा. आकृती अखंड आणि कडा स्थिर असतील तर डोळा शाबूत आहे. ही चौकट पुढेही वारंवार उपयोगी पडणार आहे.

४. वायर टोकापासून किनेक्टपर्यंत चाचपा. ती साधारण तीन मीटर लांब असते आणि टीव्हीच्या मागे चेमटलेली असण्याची शक्यता दाट असते.

खेळ घेताना खोक्यावरचा वरचा पट्टा जांभळा आहे ना बघा. किनेक्टशिवाय न चालणारे खेळ असे ओळखतात. ऑनलाइन दुकान बंद झाल्यामुळे जे खेळ फक्त डाउनलोडने मिळत ते आता नव्याने घेता येत नाहीत. डिस्कवर मिळणाऱ्यांत 'किनेक्ट अॅडव्हेंचर्स' (बहुतेक किनेक्टबरोबर हीच डिस्क येते), 'किनेक्ट स्पोर्ट्स' आणि 'डान्स सेंट्रल' हे तीन घरात असले की बराच काळ भागतं.

टेप घ्या आणि खोली मोजा

कंपनीने दिलेली अंतरं अशी: एक जण खेळणार असेल तर किनेक्टपासून ६ फूट, दोघे असतील तर ८ फूट. ही किमान अंतरं आहेत आणि आमच्या मते मोठ्या माणसासाठी ६ फूट पुरत नाहीतच. हिशोब साधा आहे. कॅमेऱ्याची नजर उभी ४३ अंश आणि आडवी ५७ अंश पसरते. ६ फुटांवर, म्हणजे १.८ मीटरवर, त्याला उभी साधारण १.४ मीटरची पट्टी दिसते. साडेपाच फुटी माणूस त्यात मावतच नाही. पाय दिसले तर डोकं कापलं जातं. तोच माणूस पूर्ण दिसायला २.१ मीटर, म्हणजे ७ फूट लागतात. त्याने हात डोक्यावर नेले तर ९ फुटांच्या आसपास जावं लागतं. आडवं बघितलं तर ८ फुटांवर साधारण २.६ मीटर रुंदी मिळते, म्हणजे दोघांना शेजारी जेमतेम उभं राहता येतं, दोघांनी पूर्ण हात पसरले तर मावत नाहीत. मागे १२ फुटांच्या पलीकडे जाऊ नका, तिथे नजर विरळ होते.

आता आपला हॉल. दहा बाय पंधराचा हॉल धरा. टीव्ही बहुधा लांब भिंतीवर असतो आणि समोरच्या लांब भिंतीला सोफा. दहा फुटांतून टीव्हीच्या युनिटचे दीड फूट आणि सोफ्याचे तीन फूट गेले की मधे साडेपाच फूट उरतात. इथेच बहुतेकांचा किनेक्ट "बिघडतो". उपाय तीन, आणि पसंतीच्या क्रमाने लिहितो आहोत:

पहिला, टीव्ही आखूड भिंतीवर घ्या. समोर पंधरा फूट मिळतात. टीव्ही स्टँडवर असेल तर हा सगळ्यात चांगला मार्ग.

दुसरा, खेळाच्या वेळी सोफा बाजूला सरकवा आणि टीपॉय उचलून आत ठेवा. भिंतीला पाठ टेकवून मात्र उभं राहू नका. मागे निदान एक फूट मोकळा हवा, नाहीतर भिंत आणि पाठ यांच्यातली कड त्याला सापडत नाही.

तिसरा, किनेक्ट उंचावर, टीव्हीच्या वर बसवा. खाली झुकून बघताना तो तुमचे पाय लवकर पकडतो आणि टीव्हीच्या मागच्या भिंतीपर्यंत सरकवला तर आठ-दहा इंचही हाती लागतात. पुढे काही अडत नाही ना तेवढं बघा.

अंतर कमी करण्यासाठी किनेक्टवर बसवायच्या वाइड लेन्सही बाजारात मिळायच्या. त्या जागा वाचवतात, पण ठिपक्यांची नक्षी आणि तिची प्रतिमा दोन्ही काठांवर वाकतात आणि हातापायांची थरथर वाढते. हॉल खरोखर सात फुटांचाच असेल तरच त्यांचा विचार करावा.

ऊन हा सगळ्यात मोठा शत्रू. सूर्यप्रकाशात ८३० नॅनोमीटरचा प्रकाश भरपूर असतो. त्यात लेझरचे ठिपके बुडून जातात. पश्चिमेच्या बाल्कनीचा हॉल असेल तर दुपारी चार ते सहा किनेक्ट जवळपास निकामी होतो आणि सात वाजता आपोआप "दुरुस्त" होतो. जाड पडदा ओढा. पातळ, झिरझिरीत पडद्याने भागत नाही. ट्यूबलाइट आणि एलईडी दिव्यांचा त्रास नाही. जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन किनेक्टच्या तोंडावर मारत असेल तर तो बंद करा, कारण त्यातून अवरक्त किरण भरपूर निघतात. अंतर मोजायला किनेक्टला उजेड लागत नाही, तो अंधारातही मोजतो. चेहरा ओळखायला मात्र उजेड लागतो, म्हणून खोलीत एकसारखा साधा प्रकाश ठेवावा.

व्हिट्रिफाइड टाइल्सकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. किनेक्ट आधी जमीन शोधतो आणि तिच्यावर सांगाडा उभा करतो. चकचकीत टाइलवर तिरपे पडलेले ठिपके पुढे निसटून जातात, परत येत नाहीत. मग पडद्यावर पावलं गायब होतात किंवा माणूस तरंगताना दिसतो. खेळायच्या जागेवर सतरंजी किंवा चटई अंथरली की हा प्रश्न बहुधा मिटतो. टाइलवर सतरंजी घसरते, म्हणून तिच्या खाली न घसरणारी रबरी जाळी घाला. ही जाळी न घालता मुलांना उड्या मारू देऊ नका.

समोरच्या भिंतीवर आरसा असेल तर त्यावर चादर टाका. शोकेसची काच, ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं कपाट यांतलं काही थेट मागे येत असेल तर किनेक्ट थोडा तिरका करा.

आणि छताचा पंखा. उंच माणूस हात वर करून उडी मारतो तेव्हा त्याची बोटं आठ फुटांपर्यंत सहज पोचतात, आणि आपल्याकडे पात्यांची उंचीही साधारण तेवढीच असते. खेळायची जागा पंख्याच्या बरोबर खाली येत असेल तर पंखा बंद करा आणि टेबल फॅन लावा. खेळताना लहान मुलाला खांद्यावर घेऊ नका.

किनेक्ट कुठे ठेवायचा

जमिनीपासून २ ते ६ फूट उंचीवर, टीव्हीच्या मध्यरेषेत, टीव्हीच्या वर किंवा खाली साधारण सहा इंचांच्या आत. पाया सपाट आणि न हलणारा हवा. स्पीकरवर ठेवू नका, कंपनांनी चित्र थरथरतं. कन्सोलवरही ठेवू नका. पुढची पट्टी कपाटाच्या कडेच्या किंचित पुढे आणा, म्हणजे खालची फळी नजरेत येणार नाही. काचेच्या दाराआड अजिबात नको, दार उघडं ठेवूनही आतली उष्णता साठते.

चारही मायक्रोफोन पट्टीच्या खालच्या बाजूला आहेत. शोकेसवर अंथरलेला क्रोशाचा रुमाल काढून टाका. त्यावर ठेवलेला किनेक्ट आवाज दबलेलाच ऐकतो.

मान कधीही हाताने फिरवू नका. ती वर-खाली २७ अंश आपोआप वळते. हाताने वळवली की आतले दाते तुटतात. डावी-उजवी दिशा बदलायची असेल तर अख्खा पायाच फिरवा.

जोडणी

कन्सोल पूर्ण बंद करून सुरुवात करा.

३६० एस किंवा ई: किनेक्टची वायर मागच्या ऑक्स पोर्टात. झालं.

जाडा ३६०: किनेक्टचं टोक अडॅप्टरमध्ये, अडॅप्टरची यूएसबी कन्सोलच्या मागच्या यूएसबीत, आणि प्लग भिंतीत. पुढच्या यूएसबीत लावू नका. मागे आधीच वाय-फाय अडॅप्टर बसवलेला असेल तर तो काढून किनेक्टबरोबर आलेल्या जोडवायरीने पुढच्या यूएसबीत न्या. अडॅप्टरचा प्लग ढिल्या एक्स्टेन्शन बोर्डात घालू नका. मोटर हलते त्या क्षणी ठिणगी पडून किनेक्ट बंद-चालू होत राहतो आणि दोष मात्र किनेक्टला लागतो.

कन्सोल सुरू करा. सॉफ्टवेअर जुनं असेल तर तो अपडेट मागेल. इंटरनेट नसेल तर अपडेट संगणकावर उतरवा, ती फाइल उघडून आतलं फोल्डर जसंच्या तसं, नाव न बदलता, फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर थेट, दुसऱ्या कुठल्या फोल्डरच्या आत नाही, असं ठेवा आणि पेन ड्राइव्ह लावून कन्सोल सुरू करा. पेन ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये असेल तर कन्सोल त्याकडे बघतही नाही.

पहिल्यांदा किनेक्ट दिसला की मांडणी आपोआप सुरू होते. घर शांत असताना ती करा, मिक्सर-वॉशिंग मशीन बंद ठेवा. टीव्हीच्या स्पीकरमधून मोठ्याने निरनिराळे आवाज येतील; कोणता आवाज टीव्हीचा आणि कोणता तुमचा हे किनेक्ट तेव्हाच शिकतो. नंतर टीव्हीचे स्पीकर सोडून होम थिएटर लावलंत किंवा किनेक्ट दुसऱ्या जागी नेलात तर ही आवाजाची पायरी पुन्हा करावी लागते. बोललेले हुकूम इंग्रजीसारख्या मोजक्याच भाषांत चालतात, मराठी त्याला कळत नाही, म्हणून या पायरीत फार वेळ घालवू नका. हालचाली नीट जमणं जास्त महत्त्वाचं.

ट्यूनर, कार्ड आणि ओळख

खेळ चालू असतानाही कंट्रोलरवरचं मधलं गाइड बटण दाबून सेटिंग्जमध्ये गेलं की किनेक्ट ट्यूनर उघडतो. तो तुमची जागा, उजेड आणि आवाज तपासतो. त्यात तुमची आकृती दिसते तेव्हा चारही कोपऱ्यांत चालून बघा. आकृती तुटते तिथे फरशीवर खडूने खूण करा. खुणांच्या आतली जागा हेच तुमचं मैदान.

अंतर आणि रंगीत चित्र एकमेकांवर बसत नसतील, म्हणजे फोटोत हाताच्या कडा सरकलेल्या दिसत असतील, तर कॅलिब्रेशन कार्ड, म्हणजे दोन्ही चित्रं जुळवून घ्यायचं छापील कार्ड, वापरा. ते 'किनेक्ट अॅडव्हेंचर्स'च्या खोक्यात असतं. पडद्यावर सांगितलेल्या जागी ते सपाट आणि स्थिर धरायचं. कार्ड वाकलेलं असेल तर जाड पुठ्ठ्यावर चिकटवून घ्या.

चेहरा ओळखण्याची किनेक्ट आयडी प्रत्येकाने वेगळी करायची असते. ती ज्या वेळी नेहमी खेळता त्याच उजेडात करा. संध्याकाळी खेळणाऱ्याने सकाळी केलेली ओळख रात्री चुकते; दोन्ही वेळा एकदा-एकदा केली तर चुकणं बरंच घटतं. बहीण-भावंडांची अदलाबदल होत असेल तरी हाच उपाय.

टीव्हीचा गेम मोड चालू करायला विसरू नका. किनेक्ट स्वतःच हालचाल समजून घ्यायला थोडा वेळ घेतो, त्यात टीव्हीने चित्र सुंदर करायला घेतलेला वेळ मिळवला की नाचाच्या खेळात पाय तालाच्या मागे पडतो. नाचणाऱ्याला वाटतं आपणच चुकतोय.

खेळताना

हालचाली मोठ्या आणि स्पष्ट करा. पाय ओळखता आले पाहिजेत, म्हणून साडी, लुंगी, परकर किंवा घेरदार घागऱ्यात गुडघे सापडत नाहीत; सलवार, पॅन्ट, ट्रॅकपँट चालते. ओढणी कमरेला बांधा. कपड्याच्या रंगावरून अंदाज बांधू नका. डोळ्याला काळा दिसणारा सुती कपडा अवरक्त प्रकाशात उजळ असू शकतो, तर काही काळी कृत्रिम कापडं आणि चामडं ठिपके गिळतात. कोपऱ्यातल्या चौकटीत छातीला भोक पडल्यासारखं दिसलं तर शर्ट बदला. सॉक्स घालून टाइलवर खेळू नका.

बघणारे कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसवा. मागून आजोबा चालत गेले की किनेक्ट त्यांनाच खेळाडू समजतो. खेळाडू बदलताना आधीचा पूर्ण बाहेर गेल्यावरच दुसऱ्याने आत यावं. दोघे एकमेकांना घासून गेले की सांगाडे चिकटतात. अगदी लहान मुलांना किनेक्ट नीट धरत नाही. त्यांना थोडं पुढे आणि मोठ्यांना मागे उभं करा.

खेळ थांबवायचा असेल तर डावा हात शरीरापासून ४५ अंशांत बाजूला धरून काही क्षण स्थिर राहा, उजवा हात खाली. मुलांना ही खूण आधी शिकवा.

बिघडलं असं वाटलं तर

किनेक्ट सापडतच नाही: कन्सोल बंद करा, अडॅप्टरचा प्लग काढून मिनिटभर थांबा, पुन्हा लावा. संगणकावर लावून बघायची सोय असेल तर निदान चटकन होतं. किनेक्ट तिथे मोटर, कॅमेरा आणि ऑडिओ अशी तीन उपकरणं म्हणून दिसतो. फक्त मोटर दिसली तर १२ व्होल्ट पोचत नाहीत, म्हणजे दोष अडॅप्टरमध्ये आहे.

अर्ध्या तासाने बंद पडतो: आतला पंखा धुळीने अडलाय किंवा किनेक्ट बंद जागेत आहे. जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढा, वर काही ठेवू नका.

सगळीकडे थरथर: आधी ऊन, मग पुढच्या पट्टीवरचे बोटांचे ठसे, मग खालचं टेबल हलतंय का. पट्टी कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा. काच पुसायचा स्प्रे थेट मारू नका, तो फटींतून आत जातो.

फक्त पाय उडतात: फरशी किंवा अंतर. सतरंजी घाला, फूटभर मागे जा.

फक्त हात उडतात: बहुधा मागची भिंत फार जवळ आहे किंवा हात शरीरासमोर येतायत.

मेन्यूत हात निवड करत नाही: निवडीवर हात स्थिर धरून वर्तुळ पूर्ण होऊ द्या. बरेच जण घाईने हात ढकलतात.

एक्सबॉक्स वनचा किनेक्ट आणि संगणक

२०१३च्या एक्सबॉक्स वनचा किनेक्ट वेगळ्या तत्त्वावर चालतो. तो प्रकाशाला जाऊन यायला लागणारा वेळ मोजतो. नजर ७० बाय ६० अंश, अंतर ०.५ ते ४.५ मीटर, सांधे २५, आणि एकदम सहा माणसं. लहान हॉलसाठी तो कितीतरी बरा, साधारण १.४ मीटरवरही काम करतो. त्याला मोटर नाही, मान हातानेच वळवायची. मूळ एक्सबॉक्स वनला तो थेट लागतो. वन एस आणि वन एक्सला किनेक्ट अडॅप्टर लागतो, त्याचं उत्पादन २०१८च्या सुरुवातीला थांबल्यामुळे तो कधी कधी किनेक्टपेक्षा महाग पडतो. त्यानंतरच्या एक्सबॉक्स सीरिज एक्स आणि सीरिज एसवर कोणताच किनेक्ट चालत नाही; विकणारा काहीही म्हणो. दोन्ही किनेक्टची अदलाबदलही होत नाही.

संगणकावर ३६०चा किनेक्ट विंडोजमध्ये एसडीके १.८ या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर संचाने चालतो, लिनक्सवर लिबफ्रीनेक्ट या मोफत सॉफ्टवेअरने. तळाशी मॉडेल क्रमांक बघा. १४१४ लिनक्सवर सरळ चालतो. १४७३मध्ये मोटरचं नियंत्रण ऑडिओ उपकरणातून जातं, म्हणून आधी ऑडिओचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, चढवावं लागतं. वनच्या किनेक्टला एसडीके २.०, विंडोज ८ किंवा पुढचं आणि यूएसबी ३ हवं. संगणकातली यूएसबी सांभाळणारी चिप इंटेल किंवा रेनेसास कंपनीची असेल तर अडचण कमी. दोन्ही किनेक्ट यूएसबी हबवर लावू नका, माहितीचा लोट त्यातून मावत नाही.

पावसाळ्यात

कोकणात आणि मुंबईत न वापरता ठेवलेल्या कॅमेऱ्यांच्या काचेवर जून ते सप्टेंबरमध्ये बुरशी धरते आणि किनेक्टच्या तिन्ही गोलांवरही ती धरू शकते. पुसून कोरडा करा, वायर सैल गुंडाळा, टोकाजवळ घडी पाडू नका. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांबरोबर ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की बदला. तेवढं जमणार नसेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा. आतल्या उष्णतेने ओल निघून जाते.